काळजातली पाण्याची गाठ

वाचकहो, आपल्या घरात साठी उलटलेले कोणी वडीलधारे मनुष्य असेल, तर हा लेख प्रथम त्यांच्या हाती द्यावा, अशी विनंती आहे. चष्मा सापडत नसेल तर एखाद्या नातवंडाने जवळ बसून मोठ्याने वाचून दाखवावा. येथे ज्या रोगांविषयी लिहावयाचे आहे, त्यांची गोष्ट पुष्कळदा बालपणी सुरू होते आणि वार्धक्यात उघडकीस येते. मधल्या पन्नास वर्षांत ती कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

माझे आजोळ माणदेशातले. पाऊस बेताचा, जमीन खडकाळ आणि गावाबाहेरच्या माळावर धनगरांची वस्ती. तेथल्या एका तात्यांची ही हकीकत आहे. तात्यांचे वय सत्तरीच्या घरात. उभा जन्म मेंढरांमागे गेलेला. अंथरूण धरून पडल्याचे त्यांना आठवत नाही. काही वर्षांपूर्वी लघवीला अडखळू लागले म्हणून थोरल्या मुलाने त्यांना तालुक्याच्या गावी नेले. तेथे सोनोग्राफी झाली. लघवीची तक्रार वयोमानाची निघाली, औषधाने आटोक्यात येणारी. परंतु तपासणाऱ्याने यंत्र जरा वर सरकवले, तो यकृतात मोसंबीएवढी गोल गाठ दिसली.

'गाठ' हा शब्द आपल्याकडे एकाच अर्थाने घेतला जातो. मुलाने घरी येऊन तो उच्चारला नाही, तरी घरच्यांनी तो त्याच्या चेहऱ्यावर वाचला. रात्री अंगणात बसून दोघे मुलगे आणि तात्यांचे धाकटे भाऊ यांनी हिशेब केला. पुण्याला न्यायचे तर पैसा हवा. निदान वीस मेंढ्या काढाव्या लागतील. तात्या आत जागेच होते. त्यांनी तेथूनच सांगितले, "मेंढरं इकू नगासा. मला काय, आज ना उद्या जायाचंच हाय. मेंढरं पोरास्नी ऱ्हाऊ द्या."

तरीही ते पुण्यास गेले. तेथल्या डॉक्टरांनी चित्रे उजेडापुढे धरून बराच वेळ पाहिली आणि कोणाच्या मनातही येणार नाही असा प्रश्न विचारला, "बाबा, तुमच्याकडे कुत्री होती का?"

तात्यांना हसू आले. "कुत्र्याबिगर मेंढरं राखायची कशी, डाक्टरसाहेब?"

"आणि मेंढरू कापलं, की त्याच्या काळजात कधी पाण्याचे फोड दिसायचे का?"

"दिसायचं की. अंड्यावानी पांढरं. आमी तेवढा तुकडा काढून कुत्र्याम्होरं टाकायचो."

डॉक्टरांना हवे ते उत्तर मिळाले. ती गाठ कर्करोगाची नव्हती. एका कृमीने तात्यांच्या पोटात, बहुधा ते पोर असतानाच, घर केले होते. शरीराने त्या घराच्या भिंतीवर चुन्याचा थर चढवून त्यातला रहिवासी केव्हाच मारून टाकला होता. शस्त्रक्रियेची गरज नव्हती. वर्षातून एकदा चित्र काढून पाहावे, एवढेच. वीस मेंढ्या वाचल्या. परंतु निघताना डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती तात्यांना त्या गाठीपेक्षाही जड वाटली. घरातल्या सर्वांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्या, असे ते म्हणाले. तिकडे आपण पुढे वळूच.

कुत्रे, मेंढी आणि मध्येच सापडलेला माणूस

पट्टकृमी म्हटला की हातभर लांब पांढरी फीत डोळ्यांपुढे येते. हा कृमी मात्र तांदळाच्या दाण्याहून मोठा नसतो. लांबी ३ ते ७ मिलिमीटर. कुत्र्याच्या लहान आतड्यात असे कृमी शेकड्यांनी, कधी हजारांनीही राहतात, आणि कुत्र्याला त्यांचा काही उपद्रव असल्याचे दिसत नाही. ते धष्टपुष्ट असते, शेपूट हलवीत असते, राखण करीत असते. त्याच्या विष्ठेवाटे मात्र कृमीची अंडी बाहेर पडत असतात. एकेक अंडे मिलिमीटरच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे. डोळ्यांना दिसणे अशक्य. ती मातीत मिसळतात, गवताला लागतात, पाण्यात उतरतात, आणि कुत्रे अंग चाटते तेव्हा त्याच्या जिभेला व केसांनाही चिकटतात. कडक ऊन आणि कोरडेपणा त्यांना मारतो; परंतु गारव्यात आणि ओलाव्यात ती महिनोन्‌महिने जिवंत राहतात.

मेंढी, शेळी, गाय वा म्हैस चरताना ही अंडी गिळते. आतड्यात अंडे फुटते, त्यातला सूक्ष्म जीव रक्तात शिरतो आणि यकृतात वा फुप्फुसात जाऊन बसतो. तेथे त्याची पाण्याने भरलेली पिशवी होते. तिच्या आतील आवरणावर भावी कृमींची हजारो डोकी तयार होतात. पिशवीच्या तळाशी त्यांचा थर बारीक वाळूसारखा साचतो. ते जनावर कापले गेले, ती पिशवी कुत्र्याने खाल्ली, की प्रत्येक डोक्याचा एक कृमी होतो आणि फेरा पुरा होतो. या फेऱ्यात माणसाचे काही काम नाही. त्याने अंडे गिळले की त्याच्याही पोटात पिशवी होते, पण ती पुढे कोठेही जात नाही. माणूस हा या वाटेवर चुकून आलेला प्रवासी आहे. हाल मात्र त्याचेच सर्वांत अधिक होतात.

हा फेरा उलगडण्यास फार काळ लागला. पाण्याच्या गाठी प्राचीन ग्रीक वैद्यांनाही ठाऊक होत्या. रोगाचे 'हायडॅटिड' हे नाव पाण्याच्या थेंबासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले आहे. परंतु १८५३ साली फोन झीबोल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने मेंढीच्या गाठी कुत्र्यांना खाऊ घालून त्यांच्या आतड्यात कृमी निपजवून दाखविले, तेव्हा गाठ आणि कृमी ही एकाच प्राण्याची दोन रूपे आहेत हे सिद्ध झाले. १८६३ मध्ये नाउनिन याने माणसाच्या शरीरातील गाठीवर तोच प्रयोग केला आणि तेच फळ मिळाले.

आता या रोगाचा वार्धक्याशी संबंध काय, ते पाहू. ही गाठ अत्यंत सावकाश वाढते. वर्षाला एखादा सेंटिमीटर, कधी थोडी अधिक, तर कधी वर्षानुवर्षे जशीच्या तशी. दहांपैकी सुमारे सात गाठी यकृतात आणि दोनएक फुप्फुसात असतात. क्वचित मेंदूत, हाडात, मूत्रपिंडात. यकृत मोठे आणि सहनशील; गाठ संत्र्याएवढी होईपर्यंत ते तक्रार करीत नाही. मग उजव्या बरगडीखाली जडपणा, जेवणानंतर भरल्यासारखे वाटणे, एखादे वेळी कावीळ. फुप्फुसातली गाठ फुटली तर खोकल्यासरशी खारट पाणी तोंडात येते. पोटात गाठ फुटली तर त्या पाण्याची शरीरास एकाएकी विलक्षण बाधा होऊन प्राणावर बेतू शकते, आणि सांडलेल्या डोक्यांतून नव्या गाठी रुजतात. म्हणूनच अशा गाठीत निदान झाल्यावाचून सुई खुपसू नये, हे वैद्यकातले पक्के बंधन आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे कोणत्याही एका वेळी जगात दहा लाखांहून अधिक माणसे या कृमीने व त्याच्या जवळच्या भाईबंदांनी पछाडलेली असतात. आपल्या देशात काश्मीरच्या मेंढपाळांपासून आंध्र आणि तमिळनाडूच्या खेड्यांपर्यंत हा रोग आढळतो. जेथे मेंढ्या, मोकळी कुत्री आणि उघड्यावरची कत्तल ही तिन्ही एकत्र येतात तेथे त्याला आमंत्रण लागत नाही. आणि अशी जागा शहरातही, खाटिकखान्याच्या मागच्या गल्लीत, असतेच.

जंत म्हणजे पोरांचे दुखणे?

आपल्या पिढीच्या मनात जंतांविषयी दोन समज घट्ट बसलेले आहेत. एक, जंत होतात ते लहान मुलांना. दुसरा, ते गोड खाल्ल्याने होतात. गूळ चोरून खाल्ल्याबद्दल माझ्या आजीने मला किती वेळा एरंडेल पाजले असेल याची गणती नाही! गुळाने दात किडतील, पण त्यातून कृमी उत्पन्न होत नाही. कृमी कृमीच्याच अंड्यातून येतो आणि ते अंडे कोणाच्या तरी विष्ठेतून आलेले असते. हे वाचताना काहींना शिसारी येईल. येऊ द्यावी, ती उपयोगी पडेल.

पहिल्या समजाला अलीकडे थोडा नवा आधारही मिळाला आहे. २०१५ सालापासून सरकारच्या जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळांतून आणि अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी देतात. ही योजना चांगली आहे, आणि नातवंडांना ती गोळी जरूर घेऊ द्यावी. परंतु ती मातीतून पसरणाऱ्या आतड्यातील जंतांसाठी आहे. एका गोळीने यकृतातली पिशवी जात नाही. तिला तेच औषध लागते, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, महिनोन्‌महिने, मधूनमधून रक्त तपासून. घरात उरलेली मुलांची गोळी स्वतःच खाऊन 'आमचे झाले' म्हणणाऱ्या आजोबांसाठी हे मुद्दाम सांगितले.

आइसलंडातील पुस्तिका

उत्तर अटलांटिक महासागरात आइसलंड नावाचे बेट आहे. एकोणिसाव्या शतकात या रोगाने जगात कोठे नसेल असा उच्छाद तेथे मांडला होता. मेंढ्या पुष्कळ, प्रत्येक शेतावर कुत्री, आणि दीर्घ हिवाळ्यात माणसे व कुत्री एकाच छपराखाली. १८६३ साली हाराल्ड क्राबे हे डेन्मार्कचे पशुवैद्य तेथे गेले. त्यांनी कुत्री तपासली, तो सुमारे चौथ्या हिश्शात हा कृमी निघाला. मग त्यांनी एक लहानशी पुस्तिका लिहिली. रोग कोठून येतो, गाठी असलेले अवयव कुत्र्यांना का देऊ नयेत, ते जाळावे किंवा पुरावे, हे साध्या भाषेत त्यात सांगितले होते. १८६४ मध्ये ती बेटावरील घरोघरी फुकट वाटण्यात आली.

त्या देशात हिवाळ्याच्या संध्याकाळी घरातील सर्व मंडळी लोकर पिंजत व विणत एकत्र बसत आणि एक जण मोठ्याने वाचून दाखवी. आपल्याकडे पोथी लावतात तसेच. आजी, नातू, गडीमाणसे, सारे ऐकत. त्या काळी या रोगावर गुण देणारे औषध नव्हते; पोट फाडून गाठ काढणे जवळजवळ मरणाएवढेच धोक्याचे होते. १८६९ साली कायदा झाला : कुत्र्यांना दरवर्षी जंताचे औषध द्यावे आणि गाठी असलेले अवयव नष्ट करावेत. राजधानी रेक्याविकमध्ये तर १९२४ पासून साठ वर्षे कुत्रे पाळण्यासच बंदी होती.

याचे फळ कसे आले, ते पाहण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आइसलंडच्या इस्पितळांत शवविच्छेदने होत, तेव्हा या गाठी सापडत त्या वृद्धांच्या देहांत. पुस्तिकेपूर्वी वा तिच्या आसपास जन्मलेल्यांत त्या पुष्कळ, नंतरच्यांत कमी कमी, आणि तरुणांत जवळजवळ नाहीतच. नवी लागण थांबली होती. जुन्या गाठी तेवढ्या म्हाताऱ्यांबरोबर जात होत्या. लस नाही, शस्त्रक्रिया नाही. पुस्तिका, कायदा आणि खड्डा. पुढे न्यूझीलंडनेही असाच, मात्र अधिक साधनांनिशी, हा रोग हटविला आणि २००२ साली आपण त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर केले.

"आम्ही तर शाकाहारी!"

येथपर्यंत वाचून काही वाचक निश्चिंत झाले असतील. आमच्या घरी मांस शिजत नाही, कुत्रे उंबऱ्याच्या आत येत नाही; हा विषय आमचा नव्हे. त्यांच्यासाठी दुसऱ्या एका पट्टकृमीची हकीकत सांगणे भाग आहे.

हा डुकराचा पट्टकृमी. डुकराच्या मांसात त्याच्या मटाराएवढ्या पिशव्या असतात. ते मांस कच्चे वा अर्धवट शिजलेले खाल्ले की माणसाच्या आतड्यात काही मीटर लांबीचा कृमी वाढतो. येथवरचे दुखणे खाणाऱ्याचे. परंतु आता त्या माणसाच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. ती डुकराने खाल्ली तर डुकरात पिशव्या होतात. माणसाने खाल्ली तर माणसात. स्नायूंत होतात, डोळ्यांत होतात, आणि मेंदूत झाल्या की फेफरे येते. ही अंडी माणसाच्या पोटात जाण्यास मांस लागत नाही. शौचानंतर नीट न धुतलेला हात, मैल्याच्या पाण्यावर वाढलेली कोथिंबीर वा मुळा एवढे पुरते.

१९९२ साली न्यूयॉर्कमधील एका ज्यू वस्तीतील रोग्यांचा वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही मंडळी धर्माने डुकराचे मांस वर्ज्य मानणारी, कडक सोवळ्याओवळ्याची. तरीही चौघांच्या मेंदूत या पिशव्या निघाल्या. शोध घेता घेता असे आढळले की, हा कृमी जेथे सर्रास आढळतो अशा देशांतून आलेल्या बायका त्या घरांत स्वयंपाकपाण्यास होत्या आणि लागण बहुधा त्यांच्यापैकी कोणाच्या पोटातील कृमीपासून आली होती. यात दोष त्या बायकांचा नव्हता. त्यांच्या पोटात काय आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हते. आपल्या देशातील अनेक इस्पितळांत फेफऱ्याचे रोगी तपासताना डॉक्टर या कृमीचा विचार आधी करतात, आणि त्या रोग्यांत जन्माचे शाकाहारीही असतात.

या रोगालाही दीर्घ स्मरणशक्ती आहे. ब्रिटिश सैनिकांपैकी ४५० रोग्यांचा अभ्यास १९६१ साली इंग्लंडात प्रसिद्ध झाला. त्यांतले बहुतेक हिंदुस्थानात नोकरी करून गेलेले. लागण झाल्यापासून पहिले फेफरे येण्यास बहुधा काही वर्षे लागली. काहींच्या बाबतीत मात्र वीस वर्षांहूनही अधिक काळ लोटला होता. तेव्हा उतारवयात प्रथमच आकडी आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. ती अर्धांगाची चाहूल असू शकते, अन्य काही असू शकते आणि हेही असू शकते. चित्र काढल्याखेरीज ते कळणार नाही.

पालेभाजी मिठाच्या पाण्यात बुडविली, कोशिंबिरीवर लिंबू पिळले, की जंतू मरतात असे आपण समजतो. कृमीच्या अंड्यांना मीठ आणि लिंबू यांची मातब्बरी वाटत नाही. वाहत्या पाण्याखाली पान न्‌ पान चोळून धुणे, आणि भाजी कोठली याची खात्री नसेल तर शिजवूनच खाणे, हे बरे.

इतर प्राण्यांविषयी थोडक्यात सांगतो. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परोपजीवी येतो. गर्भवती सुनेला मांजराची घाण काढू देऊ नये, ही जुन्या बायकांची शिकवण या एका बाबतीत अगदी बरोबर ठरली आहे. मात्र ज्या आजोबा-आजींना कर्करोगावरील वा शरीराची प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू आहेत, त्यांनीही ते काम दुसऱ्याकडे सोपवावे, आणि तरुणपणी झालेली लागणही अशा वेळी पुन्हा डोके वर काढू शकते, हे ध्यानात ठेवावे. ताज्या घाणीतून लागण होत नाही. तिला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ती रोजच्या रोज काढावी. कुत्र्याच्या पिलांच्या पोटात गोल जंत जवळजवळ जन्मजात असतात. पिलू आणले की खेळण्याआधी औषध. आणि आपले जे वाचक मणिपूर वा अरुणाचलाकडे नोकरीनिमित्त आहेत त्यांनी डोंगरी ओढ्यातले खेकडे कच्चे वा अर्धकच्चे खाऊ नयेत. त्यांतून येणारा फुप्फुसातला कृमी रक्ताची थुंकी पाडतो आणि क्षयाची औषधे वर्षभर घेऊनही खोकला जात नाही. हाच कृमी १८७८ साली प्रथम सापडला, तो युरोपातील प्राणिसंग्रहालयांत मेलेल्या बंगालच्या वाघांच्या फुप्फुसांत.

नारूची आठवण

माझ्या वडीलधाऱ्या वाचकांना मी आता एका जुन्या शत्रूची आठवण देतो. नारू! पायाला फोड यावा, तो फुटावा, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा हात-दीड हात जंत डोके काढावा. काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढावा. तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर आडवा. महाराष्ट्रात, राजस्थानात, गुजरातेत, कर्नाटकात ज्यांचे बालपण पायऱ्यांच्या विहिरीवर गेले, त्यांना यातले काही समजावून सांगावे लागणार नाही. १९८३-८४ मध्ये देशाने नारूविरुद्ध मोहीम उघडली. विहिरींना कठडे बांधले, पायऱ्या बंद केल्या, आणि घरोघरी बायकांनी दुहेरी कापडातून पाणी गाळले. शेवटचा रोगी १९९६ च्या जुलैत जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. हे यश ज्यांनी पाणी गाळले त्या आज आजीबाई झाल्या आहेत. अदृश्य गोष्टीवर विश्वास ठेवून रोज एक लहानसे काम करणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

नारू तेव्हा माणसाचाच रोग मानला जाई. १९८६ साली जगात त्याचे सुमारे ३५ लाख रोगी होते. २०२१ ते २०२४ या वर्षांत दरवर्षी वीसच्या आत. तरी तो संपत नाही. का? तर आफ्रिकेतील चाड या देशात २०१२ पासून तो कुत्र्यांत आढळू लागला, आणि एकेका वर्षी शेकडो कुत्री सापडली. नदीकाठची कुत्री माशांची टाकून दिलेली आतडी खातात, त्यांतून त्यांना लागण होत असावी असे जाणकार मानतात. म्हणून तेथील गावकऱ्यांना काय सांगितले जाते? माशांची आतडी खड्ड्यात पुरा आणि कुत्रे बांधून ठेवा. आइसलंडचा सल्ला दीडशे वर्षांनी चाडला पोचला म्हणावयाचा.

तात्यांच्या घरी

तात्या पुण्याहून परतले आणि आठवड्याच्या आत दोन्ही मुलांची पोरे तालुक्याला तपासून आणली. चौघांना काही नव्हते. धाकट्या मुलाच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या यकृतात लिंबाएवढी गाठ निघाली, आणि ती जिवंत होती. पोर अंगाने खुटखुटीत. शाळेत धावण्यात पहिली. तिचा सारा दिवस वाघ्या नावाच्या कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून जाई. भाकरीचा एक घास तिचा, एक त्याचा.

तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. मागल्याच जत्रेत बोकडाच्या कलेजीतला फोड त्यांनी सुरीने अलगद कापून वाघ्यापुढे टाकला होता, आणि त्या पोरीने टाळ्या पिटल्या होत्या. त्या एका तुकड्यानेच हे झाले असे कोणी सांगू शकणार नाही, आणि डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितलेही. परंतु म्हाताऱ्याचे मन असल्या सांगण्याने शांत होत नाही.

मुलीला अल्बेंडाझोल सुरू झाले, सकाळ-संध्याकाळ. स्निग्ध पदार्थाबरोबर ते अंगी अधिक लागते, म्हणून आजी भाकरीवर तुपाची धार धरू लागली. मधूनमधून रक्त तपासावे लागे, कारण हे औषध यकृताला आणि रक्तातील पेशींना त्रास देऊ शकते. सहा महिन्यांनी गाठ लहान झाली आणि आतले आवरण सुटून पाण्यात तरंगू लागले. तिच्यातला जीव चालल्याची ती खूण. अजून काही वर्षे तिचे चित्र काढीत राहावे लागेल.

वाघ्याला कोणी मारले नाही, हाकलले नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण असा रोग कळला की प्रथम राग कुत्र्यावर निघतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून प्राझिक्वांटेल नावाच्या गोळ्या आणल्या. त्या दर तीन महिन्यांनी त्याला देतात, आणि दिल्यावर दोन दिवस त्याला बांधून ठेवून त्याची विष्ठा पुरून टाकतात. पोरीने त्याला आता हातातली भाकर द्यायची नाही, आणि शिवल्यावर साबणाने हात धुवायचे, असा करार आहे. साबणाने अंडी मरत नाहीत, पण हातावरून निघून जातात. करार बहुधा पाळला जातो. वस्तीवरच्या इतर सहा कुत्र्यांना गोळ्या देण्याचे तात्यांनी मनावर घेतले, तेव्हा एक-दोघांनी टर उडविली. "कुत्र्याला जंताची गोळी आन्‌ म्हाताऱ्याला काम!" असे ते म्हणाले. तात्यांनी आपल्या पोटाचे चित्र पिशवीतून काढून त्यांच्यापुढे धरले. त्यातले काही त्यांना समजले नसेल. पण तो काळ्यावर पांढरा गोल वाटोळा आकार पाहून माणसे गप्प झाली.

पाठोपाठ जत्रा आली. दरसाल देवळामागच्या ओढ्यात बोकड कापले जात आणि कुत्र्यांची चंगळ होई. त्या वर्षी तात्यांनी पहाटेच मुलांना घेऊन तेथे कमरेइतका खोल खड्डा खणून घेतला. ज्याच्या बोकडात फोड निघेल त्याने तो अवयव त्यात टाकायचा. चांगली वजडी कुत्र्याला घालायचीच असेल तर आधी अर्धा तास रटारटा उकळायची. जुन्या मंडळींनी कुरकुर केली, तरी तात्यांपेक्षा जुने तेथे कोणी नव्हते. खड्ड्यात दुपारपर्यंत अकरा तुकडे पडले. ते तात्यांनी स्वतः मोजले. मग वर चुना, चुन्यावर माती, मातीवर दगड आणि दगडांवर बाभळीच्या काट्यांची फांदी.

सूर्य मावळतीला गेला, गावात ढोल सुरू झाले, माणसे जेवावयास बसली. वाघ्या खड्ड्याच्या एका अंगाला नाक पुढे करून बसला होता. दुसऱ्या अंगाला काठी आडवी घेऊन तात्या बसले होते. जेवायला चला म्हणून नात दोनदा बोलावून गेली, परंतु कुत्रे उठेपर्यंत आपणही उठायचे नाही, असे त्यांनी ठरविलेले दिसले.